कालाहारीतील सफारी कॅम्पवरचा मुक्काम: कोल्हापूरहून निघणाऱ्यांसाठी

कोल्हापूरहून आफ्रिकेतील वन्यजीव पाहायला निघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सहसा केनियातील मसाई मारा किंवा टांझानियातील सेरेंगेटी असते. दक्षिणेकडील कालाहारीचा विचार थोडे लोक करतात, आणि जे करतात त्यांच्यापैकी अनेकांची तयारी मात्र मसाई माराचीच असते. कालाहारीतील दुर्गम कॅम्पवर तीन-चार रात्री राहायचे, तर तयारी निराळी करावी लागते. तिथे पिण्याचे पाणी, आंघोळीचे पाणी, वीज, इंधन, भाजीपाला यांतील प्रत्येक गोष्ट एक तर लांबवरून वाळूच्या वाटेने आणलेली असते किंवा जमिनीच्या पोटातून खोलवरून उपसलेली असते. हा हिशेब ज्याला निघण्यापूर्वी समजला, त्याचा मुक्काम सुखाचा होतो, कारण कॅम्पचे वेळापत्रक, सामानावरील बंधने आणि जवळजवळ सर्व नियम याच हिशेबातून आलेले असतात. पंचगंगेच्या काठी आणि गगनबावड्याच्या पावसाच्या शेजारी वाढलेल्या आपल्यासारख्यांनी तो मुद्दाम समजून घ्यायला हवा.

रान कोणते निवडावे

कालाहारी हे काटेकोर अर्थाने पूर्ण वाळवंट नाही. तिथे पाऊस पडतो, गवत उगवते, काटेरी झाडे तग धरतात. परंतु पडलेले पाणी वाळू पिऊन टाकते आणि बारमाही ओढा किंवा तळे कुठे उरत नाही. या प्रदेशात मुक्कामासाठी दोन मोठी राखीव क्षेत्रे आहेत. पहिले बोत्सवानातील सेंट्रल कालाहारी गेम रिझर्व्ह. ते १९६१ साली स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५२,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास सातपट आहे. दुसरे कगालागाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क. दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना या दोन देशांनी सीमेवरील आपापली राष्ट्रीय उद्याने एकत्र करून २००० साली ते खुले केले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर असून त्यातील मोठा भाग बोत्सवानात येतो.

दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. सेंट्रल कालाहारीत मोजके खासगी कॅम्प आहेत. तिथे छोट्या विमानाने नेले जाते, वाटाड्या, गाडी, जेवण सर्व त्यांचेच असते आणि खर्चही त्या मानाने बराच येतो. तिथे सरकारी तंबूजागाही मिळतात, मात्र त्या जागांवर पाणी नसते; पाणी, इंधन, अन्न आणि दुरुस्तीचे सामान स्वतः घेऊन येणाऱ्या अनुभवी प्रवाशांसाठीच त्या योग्य आहेत. कगालागाडीच्या दक्षिण आफ्रिकेकडील बाजूस स्वतः गाडी चालवत जाता येते. आउब आणि नोसोब या कोरड्या नद्यांच्या पात्रांतून रस्ते जातात, ट्वी रिव्हिरेन, माटा-माटा आणि नोसोब येथे कुंपण असलेले मोठे कॅम्प व इंधन मिळते, आणि ग्रूटकोल्क, उरिकारूस, कीलीक्रांकी असे अगदी लहान, कुंपण नसलेले कॅम्पही आहेत. या लहान कॅम्पवर स्वयंपाक स्वतः करायचा असतो आणि पिण्याचे पाणी व सरपण बरोबर न्यावे लागते. खोल्या इतक्या कमी असतात, की जवळपास वर्षभर आधी आरक्षण करणेच शहाणपणाचे. प्रथमच जाणाऱ्या कुटुंबाने, विशेषतः बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर, वाटाड्यासह असलेला कॅम्प निवडावा असे माझे स्पष्ट मत आहे. लहान मुले असतील तर वयाची अट आधी विचारावी. कुंपण नसलेल्या अनेक कॅम्पवर बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो.

कधी जावे

आफ्रिकेतील बहुतेक अभयारण्यांविषयी कोरड्या ऋतूत जाण्याचा सल्ला दिला जातो, कारण त्या दिवसांत प्राणी पाणवठ्यांवर गोळा होतात. सेंट्रल कालाहारीला तो सल्ला सरसकट लागू होत नाही. तिथे पावसानंतर, साधारण जानेवारी ते एप्रिल या काळात, डिसेप्शन व्हॅलीसारख्या प्राचीन नद्यांच्या सपाट खोऱ्यांत कोवळे गवत येते, त्यावर गेम्सबॉक आणि स्प्रिंगबॉक हरणांचे कळप उतरतात आणि त्यांच्यामागून सिंह व चित्ते येतात. कालाहारीतील काळ्या आयाळीचे सिंह पाहायचे असतील तर हाच काळ उत्तम. मात्र या दिवसांत दुपारी ऊन कडक असते, मध्येच गडगडाटी पाऊस कोसळतो आणि खोऱ्यातील चिकणमातीत गाडी रुतू शकते.

जून ते ऑगस्ट हा तिथला हिवाळा आहे. दिवस स्वच्छ आणि सुखद असतात, रात्री पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो. कोल्हापूरच्या डिसेंबरवरून या थंडीचा अंदाज बांधू नये. पहाटे उघड्या गाडीतून वारा अंगावर घेत तासभर बसायचे असते, आणि त्या वेळी आपल्याकडचा एकच स्वेटर अपुरा पडतो. ऑक्टोबरपासून पावसाला सुरुवात होईपर्यंत उष्णता चाळीस अंशांवर जाते. उन्हाचा त्रास असणाऱ्यांनी तो काळ टाळावा.

प्राण्यांबाबत एक अपेक्षा आधीच सुधारून घ्यावी. हत्ती, गेंडे, रानम्हशी यांच्यासाठी कालाहारी नाही. येथे पाहायचे ते तपकिरी तरस, मीरकॅट, मोठ्या कानांचे खोकड, हनी बॅजर, आणि दिवसेंदिवस पाणी न पिता कलिंगडाच्या जातीच्या रानटी त्साम्मा फळांवर आणि कंदांवर तहान भागवणारा गेम्सबॉक. पक्ष्यांत कोरी बस्टर्ड आवर्जून पाहावा. तो आपल्या माळढोकाचा सख्खा भाऊबंद आहे, आणि ज्या ऐटीत तो मोकळ्या गवतात चालतो, ती पाहताना सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर आपण काय गमावत आलो आहोत हे लख्ख कळते.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे आणि आरोग्य

कोल्हापूरहून मुंबई गाठून पुढे आदिस अबाबा, नैरोबी किंवा आखातातील एखाद्या विमानतळावरून जोहान्सबर्ग, आणि तिथून बोत्सवानातील माऊन किंवा दक्षिण आफ्रिकेतील अपिंग्टन असा प्रवास होतो. दक्षिण आफ्रिकेत थांबून बोत्सवानात जायचे असेल, तर दोन्ही देशांच्या व्हिसाची चौकशी स्वतंत्रपणे आणि काही महिने आधी करावी. कोल्हापूर-मुंबई प्रवासाला पूर्ण रात्र राखून ठेवावी आणि परतीच्या वाटेवर माऊन किंवा जोहान्सबर्गला एक रात्र मोकळी ठेवावी, कारण छोट्या विमानांच्या वेळा हवामानानुसार बदलतात.

पिवळ्या तापाच्या लसीकडे फार जणांचे दुर्लक्ष होते. दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना हे देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत नाहीत, पण वाटेतले केनिया आणि इथिओपिया आहेत. तेथील विमानतळावर दीर्घ काळ थांबणार असाल किंवा विमानतळाबाहेर पडणार असाल, तर पुढच्या देशात आणि भारतात परतल्यावरही लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. म्हणून ही गोष्ट शेवटच्या आठवड्यावर ठेवता येत नाही. कालाहारीच्या कोरड्या भागात मलेरियाचा धोका कमी आहे. परंतु माऊन हे ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशाच्या कडेला आहे आणि बोत्सवानाच्या उत्तरेस पावसाळ्यात मलेरिया असतो, तेव्हा आपली पूर्ण वाट डॉक्टरांना सांगून गोळ्यांचा निर्णय त्यांच्याकडूनच घ्यावा.

विमा उतरवताना त्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे ना, हे लेखी पाहावे. कॅम्पपासून मोठे रुग्णालय शेकडो किलोमीटर दूर असते आणि रात्री धावपट्टीवर विमान उतरत नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा दम्याची औषधे मुक्कामाच्या दिवसांहून अधिक पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन असेल तर शीतपेटीची सोय आहे का, हे कॅम्पला आधी विचारावे.

सामान

छोट्या विमानात सामानाची जागा अरुंद असते. हातातील पिशवी धरून एका माणसाला साधारण १५ ते २० किलो सामान नेता येते, आणि तेही मऊ कापडी पिशवीत. चाकांची, कडक चौकटीची सुटकेस त्या जागेत बसत नाही आणि ती धावपट्टीवरच राहू शकते. जास्तीचे सामान जोहान्सबर्ग किंवा माऊन येथील हॉटेलात ठेवण्याची सोय आधी करून घ्यावी.

कपडे खाकी, करडे, मातकट रंगाचे असावेत. लष्करी गणवेशासारखे हिरव्या ठिपक्यांचे कपडे मात्र नेऊ नयेत, कारण आफ्रिकेतील काही देशांत सामान्य नागरिकांनी ते घालण्यास कायद्याने मनाई आहे. थंडीत एकावर एक चढवता येतील असे तीन-चार पातळ थर एका जाड कोटापेक्षा उपयोगी पडतात, कारण पहाटे गोठवणारी हवा सकाळी दहापर्यंत उन्हाळ्यासारखी होते. लोकरीची टोपी आणि हातमोजे घ्यावेत. कोल्हापुरी चप्पल घरी ठेवावी. वाळूत लांब पांढरे काटे पडलेले असतात आणि विंचवांचा वावर असतो, म्हणून बंद बूटच हवेत. ओठांसाठी मलम, नाकासाठी क्षारयुक्त फवारा, अंगाला लावायचे तेल किंवा क्रीम, रुंद काठाची टोपी, ओआरएसची पाकिटे आणि कपाळावर बांधायचा लाल प्रकाशाचा टॉर्च या वस्तू स्वस्त असल्या तरी तिथे अनमोल ठरतात.

पाणी आणि वीज

कॅम्पचे पाणी बोअरवेलमधून येते. अनेक ठिकाणी ते मचूळ असते. पिण्यासाठीचे पाणी गाळणी-यंत्रातून शुद्ध केलेले असते आणि ते खोलीत वेगळ्या भांड्यात ठेवलेले असते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, हे पहिल्याच दिवशी विचारावे. अनेक कॅम्पवर आंघोळीसाठी टांगलेल्या कापडी बादलीत ठरावीक गरम पाणी ओतून देतात. आधी अंग ओले करून तोटी बंद करावी, साबण लावावा आणि मग उरलेल्या पाण्याने अंग धुवावे. कपडे धुण्यासाठी वेगळे पाणी मागू नये. ही काटकसर गरिबीची खूण समजू नये. त्या वाळूखालच्या पाण्याची भर कमालीच्या मंद गतीने होते आणि आपण सांडलेले पाणी त्या भूमीला सहजासहजी परत मिळत नाही.

वाचवलेले पाणी पिण्यात मात्र काटकसर करू नये. हवा इतकी कोरडी असते, की घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो आणि आपल्याला तहान लागल्याचे उशिरा कळते. आपल्याकडील दमट हवेत वाढलेल्या माणसाची येथेच गफलत होते. दिवसभरात तीन ते चार लिटर पाणी घोटघोट प्यावे. डोके दुखणे, लघवीचा रंग गडद होणे ही पाणी कमी पडल्याची पहिली चिन्हे आहेत.

वीज बहुधा सौर असते. वातानुकूलन यंत्र, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र, विजेची किटली यांना परवानगी नसते आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या अनेकदा मुख्य तंबूतच चार्ज कराव्या लागतात. तेथील भिंतीतला सॉकेट बहुधा आपल्याकडील मोठ्या तीन पिनांच्या प्लगला साजेसा असतो, त्यामुळे लहान पिना असलेल्यांनी अडॅप्टर बाळगावा. मोबाईलला नेटवर्क नसते. घरच्यांना निघण्यापूर्वी कॅम्पचा आणीबाणीचा क्रमांक देऊन ठेवावा आणि चार दिवस फोन आला नाही तर घाबरू नका, असे आई-वडिलांना समजावून सांगावे.

रात्रीचे नियम

कुंपण नसलेल्या कॅम्पवर अंधार पडल्यानंतर एकट्याने तंबूबाहेर पाऊल टाकायचे नाही. जेवणाच्या तंबूपर्यंत नेण्या-आणण्यासाठी पहारेकरी येतो. तो येईपर्यंत थांबायचे, अंतर अगदी थोडे असले तरीही. रात्री शौचाला जाण्याची गरज पडणाऱ्यांनी शौचालय तंबूला जोडून आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे. तंबूत शिट्टी किंवा भोंगा दिलेला असतो. तो कुठे आहे आणि कोणत्या प्रसंगी वाजवायचा, हे उजेड असतानाच पाहून ठेवावे. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाऊ शकते, त्यामुळे ती ऐकू आली म्हणजे तो दाराशी आला असे होत नाही. कापडी तंबूच्या चेनी पूर्ण लावलेल्या असल्या आणि आतला माणूस शांत असला, तर सिंह तंबूकडे एक बंदिस्त आकार म्हणून पाहतो आणि सहसा पुढे निघून जातो.

पायी चालताना सिंह समोर आला तर पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग करणे ही त्याची उपजत वृत्ती आहे. जागीच उभे राहावे, वाटाड्या सांगेल तसे, तोंड त्याच्याकडे ठेवूनच हळूहळू मागे सरावे. बूट, चपला, पट्टे, पिशव्या बाहेर ठेवू नयेत. तरस आणि काळ्या पाठीचे कोल्हे चामडे पळवतात. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. विंचवाबाबत एक ठोकताळा लक्षात ठेवावा: ज्याच्या नांग्या बारीक आणि शेपटी जाड, तो अधिक विषारी. खाण्याचे पदार्थ तंबूत कधीही ठेवू नयेत.

दिवे विझल्यावर आकाशाकडे मात्र अवश्य पाहावे, अर्थात तंबूच्या ओट्यावरूनच. कोल्हापूरहून उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजालगत जेमतेम दिसणारा त्रिशंकू तिथे डोक्यावर चांगला उंच चढतो, जून-जुलैत आकाशगंगेचा मध्यभाग थेट माथ्यावर येतो, आणि आपल्याकडून सहसा दिसत नसलेले मॅजेलनचे मेघ, म्हणजे दोन छोट्या दीर्घिका, साध्या डोळ्यांना ढगांच्या दोन फिकट तुकड्यांसारखे दिसतात. तारे हाच मुख्य हेतू असेल, तर नामिबियातील नामिबरँड हे खासगी राखीव क्षेत्रही विचारात घ्यावे. २०१२ साली त्याला आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. कोणत्याही ठिकाणी अमावास्येच्या आसपासच्या तारखा निवडाव्यात.

गाडीतून फिरताना

दिवस पहाटे सुरू होतो. सूर्योदयाआधी चहा आणि थोडे खाणे होते, उजाडताच गाडी निघते, दहा-अकराला परत येते, दुपार विश्रांतीची असते आणि चारच्या सुमारास पुन्हा निघून सूर्यास्ताबरोबर परतावे लागते. दुपारी झोप घ्यावी. जो घेत नाही तो संध्याकाळी गाडीत पेंगतो. गाडीत उभे राहू नये, हात बाहेर काढू नये, मोठ्याने बोलू नये. गाडी आणि तिच्यातली माणसे मिळून एकच निरुपद्रवी वस्तू आहे अशी प्राण्यांची समजूत असते. कोणी उभे राहिले की ती समजूत मोडते. रस्ता सोडून गाडी घालण्याचा आग्रह वाटाड्याला करू नये, कारण राष्ट्रीय उद्यानांत तो नियमभंग आहे आणि वाळूवरच्या कवचावर पडलेले चाकोरीचे व्रण वर्षानुवर्षे राहतात. ड्रोन नेऊच नये. कॅमेऱ्याची भिंग उघड्या गाडीत बदलू नये आणि दूरच्या भिंगाखाली ठेवण्यासाठी रिकामी कापडी उशी नेऊन ती तिथे तांदूळ किंवा वाळूने भरावी.

चित्ता दिसला तर घाई न करता दुरून पाहावे. कोल्हापूरला हा प्राणी परका नाही: संस्थानकाळात येथे चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जात असे, आणि देशी चित्ता दुर्मीळ झाल्यावर त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये सोडले गेले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळींना त्या आठवणी ताज्या झाल्या असतील. कालाहारीत तो कोणाच्या दोरीला बांधलेला नसतो, दिवसा स्वतःसाठी शिकार करतो, आणि गाड्यांच्या गर्दीने विचलित झाला तर त्याची शिकार हुकते. त्याचा एक दिवस उपाशी जाणे, हे आपल्या एका छायाचित्रापेक्षा मोठे नुकसान आहे.

जेवण

कॅम्पवरचा शिधा आठवड्यातून एखाद-दोनदा येतो, त्यामुळे ऐनवेळी काही मागता येत नाही. शाकाहारी असाल तर नुसते तेवढे सांगून भागत नाही; मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्सा यांपैकी काय चालत नाही, हे आरक्षणाबरोबरच लेखी कळवावे. गोमांस न खाणाऱ्यांनीही स्पष्ट सांगावे, कारण बोत्सवानातील सेस्वा हा प्रसिद्ध पदार्थ बहुधा गोमांसाचाच असतो आणि सुकवलेल्या बिल्टाँगमध्येही ते असू शकते. तांबड्या रश्श्याची सवय झालेल्या जिभेला तिथले जेवण अळणी वाटेल. कांदा-लसूण चटणीचे कारखान्यात सीलबंद केलेले पाकीट न्यावे, विमानतळावर ते जाहीर करावे आणि कॅम्पवर पोहोचताच स्वयंपाकघरात ठेवायला द्यावे. घरचे तूप, कच्चे धान्य, बियाणे, फळे यांवर सीमेवर बंधने असतात. ती नेऊ नयेत.

तिथली माणसे

सेंट्रल कालाहारी ही सान लोकांची भूमी आहे. या रानात हजारो वर्षे राहत आलेल्या या समाजाला सरकारने बाहेर हलवले, तेव्हा त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २००६ साली बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाने ते हलवणे बेकायदा ठरवले आणि २०११ साली अपील न्यायालयाने त्यांचा बोअरवेलच्या पाण्यावरील हक्क मान्य केला. ज्या कॅम्पवर आपण पाण्याची बादली मोजून वापरतो, तिथे हा इतिहास माहीत असणे आवश्यक आहे असे मला वाटते. सान वाटाड्यांबरोबर पायी फिरण्याचा कार्यक्रम असेल तर तो जरूर घ्यावा, पण त्याचे पैसे कोणाला मिळतात हे आधी विचारावे आणि छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये. बोत्सवानात पुरुषाला ‘दुमेला रा’ आणि स्त्रीला ‘दुमेला मा’ असे अभिवादन करून मगच कामाचे बोलायला सुरुवात करतात. ही रीत पाळली की कॅम्पवरची माणसे मोकळी होतात. निघताना बक्षिशी द्यायची ती वाटाड्याला वेगळी आणि इतर कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या सामायिक पेटीत वेगळी द्यावी. त्यासाठी सुटे पैसे आधीच काढून ठेवावेत.

रानात पडलेली शिंगे, पिसे, हाडे, साळिंदराचे काटे किंवा दगड आठवण म्हणून उचलू नयेत. उद्यानाचे नियम त्याला मनाई करतात आणि सीमेवर वा मुंबईत सीमाशुल्क अधिकारी त्याबद्दल अडवू शकतात. घरी परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला, तर तो साध्या तापासारखा अंगावर काढू नये. डॉक्टरांना आपण बोत्सवानात कुठे, किती दिवस होतो हे सांगून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.